गिअर गेला, घाट राहिला

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. "तुझ्या कामाबद्दल बोल, पण आम्हाला कळेल असं बोल," अशी अटही घातली आहे. सॉफ्टवेअरवाल्यांबद्दल लोकांच्या मनात हा संशय असतोच, त्यामुळे मी अट मान्य केली. आपल्या ग्रुपवर डॉक्टर मैत्रिणीला सगळे गुडघ्याचे फोटो पाठवतात, वकील मित्राला सोसायटीची भांडणं सांगतात आणि मला विचारतात, "प्रिंटर चालत नाहीये, बघतेस का?" माझं काम प्रिंटरशी संबंधित नाही, हे मी आज या व्यासपीठावरून अधिकृतपणे जाहीर करते.

मी वाहनांमधलं सॉफ्टवेअर लिहिते. ट्रक आणि बसमध्ये गिअर कधी बदलायचा, हे ठरवणारा जो छोटा संगणक असतो, त्याच्या प्रोग्रॅमवर गेली काही वर्षं आमचा गट काम करतो. त्यामुळे गेल्या महिन्यात ग्रुपवर आपल्याच वर्गातल्या एकाने प्रश्न टाकला, तेव्हा मला फार आनंद झाला. भिवंडीत त्याचा मालवाहतुकीचा धंदा आहे. तो समोरच बसला आहे, नाव घेत नाही. त्याचा प्रश्न असा होता: "नवा ट्रेलर घ्यायचाय. गिअरवाला घेऊ की ऑटोमॅटिक? शोरूमवाला म्हणतो ऑटोमॅटिक घ्या. माझा जुना ड्रायव्हर म्हणतो, शेठ, ते खेळणं आहे, घाटात कामाचं नाही."

ग्रुपवर मी त्याला दोन ओळींत उत्तर दिलं नाही, कारण दोन ओळींत ते मावत नाही. आज देते.

आधी मुळातला प्रश्न: ट्रकला इतके गिअर लागतातच कशाला? आपल्यापैकी जे सायकलवर येऊरला जायचे, त्यांना याचं उत्तर पायांनी माहीत आहे. बिनगिअरच्या सायकलवर चढ आला की आपण उतरून ढकलायचो. वर्गात ज्या एकाकडे गिअरची सायकल होती, तो मात्र बसल्या बसल्या भराभर पाय मारत हळूहळू वर जायचा. ताकद दोघांची सारखीच. त्याने वेग दिला आणि जोर घेतला. सरांनी तरफ शिकवताना हेच सांगितलं होतं: जोर वाचवायचा तर अंतर जास्त कापा.

मोठ्या ट्रकच्या डिझेल इंजिनाची अडचण अशी, की ते फार थोड्या पट्ट्यात खुशीत असतं. मिनिटाला साधारण हजार ते पंधराशे फेऱ्या, एवढ्यातच ते सगळ्यात जोमाने ओढतं. दोन-अडीच हजारांच्या पुढे तर ते जातच नाही. कारचं पेट्रोल इंजिन सहा हजारांपर्यंत पळतं, म्हणून तिला पाच गिअर पुरतात. इथे एवढ्याशा पट्ट्यातल्या इंजिनाला शून्यापासून ऐंशीच्या वेगापर्यंत माल न्यायचा आहे. आणि माल तरी किती? २०१८ मध्ये केंद्र सरकारने अ‍ॅक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली. तेव्हापासून सगळ्यात मोठ्या ट्रेलरचं मालासकट कायदेशीर वजन ५५ टनांपर्यंत जाऊ शकतं. म्हणून अशा गाड्यांना नऊ, बारा, सोळा गिअर असतात. पायऱ्या जितक्या जवळजवळ, तितकं इंजिन आपल्या आवडत्या पट्ट्यात राहतं.

आता या पायऱ्या चढण्या-उतरण्याची कला. जुन्या गाड्यांमध्ये 'सिंक्रोमेश' नसे, म्हणजे दोन वेगवेगळ्या वेगाने फिरणारे दात जुळवून देणारी सोय नसे. ते जुळवायचं काम ड्रायव्हरचं. क्लच दाबा, न्यूट्रलला आणा, क्लच सोडा, अंदाजाने रेस द्या, परत क्लच दाबा आणि गिअर टाका. याला 'डबल क्लच मारणं' म्हणतात. अंदाज चुकला की गिअरबॉक्समधून असा खरखराट येतो, की शेजारी बसलेला क्लीनरही तोंड वाकडं करतो. अंदाज कशावरून? कानावरून. चांगला उस्ताद वेगाच्या काट्याकडे बघत नाही. इंजिनाचा आवाज जड झाला की त्याचा हात आपोआप दांड्यावर जातो.

ऑटोमॅटिक म्हणजे काय, यातही एक घोळ आहे, कारण या एका शब्दाखाली दोन वेगळी यंत्रं विकली जातात.

पहिल्यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचऐवजी तेलाने भरलेलं एक भांडं असतं, टॉर्क कन्व्हर्टर. समोरासमोर दोन पंखे ठेवा, एक चालू करा, त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागेल. इथे वाऱ्याच्या जागी तेल असतं. घासणारं काही नसल्यामुळे थांब-चाल, थांब-चाल अशा कामाला हे उत्तम. बस, कचरागाडी, अग्निशमन दलाची गाडी, खाणीतला डंपर, यांच्यासाठी ते बरं. किंमत जास्त, आणि तेल घुसळण्यात थोडी शक्ती वाया जाते.

दुसरं म्हणजे एएमटी. यात गिअरबॉक्स जवळपास पूर्वीचाच, दातांचा, क्लचही पूर्वीसारखाच. फक्त क्लचचं पेडल काढून टाकलेलं असतं आणि ड्रायव्हरच्या हातापायाचं काम हवेच्या दाबावर चालणारे छोटे दट्टे करतात. कधी करायचं, हे संगणक ठरवतो. व्होल्वोने २००१ मध्ये 'आय-शिफ्ट' हा असा बारा गिअरचा संच आणला आणि पुढच्या काही वर्षांत युरोपातल्या लांब पल्ल्याच्या ट्रकमधून क्लचचं पेडल जवळजवळ नाहीसं झालं. अमेरिकेतले ट्रकवाले मात्र बराच काळ अडून बसले होते. त्यांच्याकडे सिंक्रोमेश नसलेले दहा, तेरा, अठरा गिअरचे बॉक्स अभिमानाने चालवले जायचे. आता तिथेही वारं फिरलं आहे. आपल्या देशातल्या मोठ्या कंपन्याही एएमटीचे ट्रक विकतात. आपल्या मित्राला शोरूमवाला जे देऊ करतोय, ते हेच.

हा संगणक काय करतो? इंजिनाच्या फेऱ्या, गाडीचा वेग, अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय आणि रस्त्याचा चढ किती आहे, हे तो दर सेकंदाला कित्येक वेळा मोजतो. मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे तो ट्रकचं वजनसुद्धा ओळखतो. खाली काटा नाही, काही नाही. इंजिनाने किती जोर लावला आणि गाडीचा वेग किती वाढला, यावरून न्यूटनचा दुसरा नियम उलटा लावायचा आणि वस्तुमान काढायचं. नववीत आपण या नियमावर गणितं घोकली, तेव्हा "याचा उपयोग काय?" असं मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं होतं. सर, उत्तर पोचवायला उशीर झाला, पण हे घ्या. मग तो ठरवतो: गाडी रिकामी असेल तर दोन गिअर गाळून थेट वर जायचं, भरलेली असेल तर एकेक पायरी. आणि दात जुळवताना इंजिनाला किती डिझेल द्यायचं, हेही तोच ठरवतो. म्हणजे संगणक डबल क्लचच मारतो. उस्तादाच्या कानात जे होतं, ते आम्ही आकड्यांत लिहिलं आहे.

फायदे उघड आहेत. माजिवड्यापासून गायमुखपर्यंत घोडबंदर रोडवर संध्याकाळी रांगेत अडकलेल्या कंटेनरचा ड्रायव्हर डावा पाय किती वेळा दाबत असेल, याचा विचार करा. आपण कारमध्ये वैतागतो. त्याचा क्लच आपल्यापेक्षा जड, आणि त्याला तिथून पुढे रात्रभर जायचं असतं. त्याच्या गुडघ्याचा फोटो आपल्या डॉक्टर मैत्रिणीकडे कधी येत नाही. पाय मोकळा झाला, दमणूक कमी झाली, तर रस्त्यावरची नजर जास्त वेळ ताजी राहते. दुसरं, डिझेल. उस्ताद यंत्राच्या तोडीस तोड चालवतो, कधी त्याच्यापेक्षा सरस. पण एका मालकाच्या दहा गाड्यांवर दहा उस्ताद नसतात. यंत्र सामान्य ड्रायव्हरला उस्तादाच्या जवळ नेऊन ठेवतं आणि मालकाचा हिशेब त्यावरच चालतो.

मग तो जुना ड्रायव्हर "घाटात कामाचं नाही" असं का म्हणाला? त्याला नवं नको आहे म्हणून? मला तसं वाटत नाही. त्याच्या बोलण्यात एक खरी भीती आहे, आणि आज मला मुख्यतः तिच्याबद्दलच बोलायचं आहे.

एक गणित करू. सर, फळा नाही, तोंडी करते. ४० टनांचा ट्रक खंडाळ्याहून खोपोलीला उतरतो. उतरण साधारण ५०० मीटर धरू. वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची. उत्तर येतं १९ कोटी ६० लाख ज्यूल, म्हणजे सुमारे ५४ युनिट वीज. घरातला दोन किलोवॅटचा गीझर सलग २७ तास चालू ठेवा, तेवढी ऊर्जा. गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीतलं दोन-तृतीयांश पाणी तिने उकळेल. ही ऊर्जा घाट उतरताना कुठेतरी जायलाच हवी. थोडी टायर आणि वारा खातात. उरलेली जायला दोनच वाटा: इंजिन किंवा ब्रेक.

गाडी गिअरमध्ये असेल तर चाकं इंजिनाला फिरवतात आणि इंजिन त्यांना अडवतं. त्यात एक्झॉस्ट ब्रेक किंवा रिटार्डरची भर घातली, तर मोठा भार तिथेच जिरतो. गाडी न्यूट्रलमध्ये असेल तर सगळा भार एकट्या ब्रेकवर. ड्रम तापतात, लायनर तापतात, पकड सुटत जाते. ड्रायव्हर जास्त जोरात दाबतो, ते आणखी तापतात. "ब्रेक फेल झाले" असं बातमीत छापून येतं. पुष्कळदा ते घाट सुरू झाला तेव्हा उत्तम असतात, घाटाच्या मध्यावर संपतात.

२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका अवजड वाहनाने डझनावारी गाड्या ठोकरल्या. ब्रेकमध्ये बिघाड नव्हता, डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं प्राथमिक तपासातून पुढे आल्याच्या बातम्या तेव्हा वर्तमानपत्रांत होत्या. इंजिन बंद म्हणजे त्याचा अडसर गेला, ब्रेकला हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबला आणि स्टिअरिंगही जड झालं. वाचलं काय? हल्लीच्या इंजिनात गिअरमध्ये राहून अ‍ॅक्सिलरेटर सोडला, तर उतारावर डिझेल जातच नाही, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं जातं. म्हणजे तीव्र उतारावर न्यूट्रलने वाचत काहीच नाही.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. अगदी सौम्य उतारावर, जिथे गाडीचा वेग वाढत नाही, तिथे न्यूट्रलने खरंच डिझेल वाचतं. म्हणून नव्या एएमटी ट्रकमध्येही गाडी आपण होऊन न्यूट्रलला जाते. ज्यासाठी आपण ड्रायव्हरला बोल लावतो, तेच यंत्र करतं! फरक एवढाच, की वेग ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला किंवा ब्रेकला पाय लागला, की ते लगेच परत गिअरमध्ये येतं. दांड्याच्या गाडीत भर उतारावर वेग वाढल्यावर परत गिअर पडेलच, याची खात्री नसते. नाही पडला, तर तुम्ही न्यूट्रलमध्येच आणि खाली घाट.

म्हणूनच जुन्या लोकांचा नियम आहे: ज्या गिअरात घाट चढलास, त्याच गिअरात उतर. आणि तो गिअर उतार सुरू होण्याआधी टाक, नंतर नाही. आजच्या ताकदवान इंजिनांना तर हे पुरतही नाही, कारण ती वरच्या गिअरातही घाट चढून जातात. उतरताना त्याहून खालचा गिअर लागतो.

आता एएमटीचा ट्रक घाटाच्या तोंडाशी आणा. ज्या गाड्यांना पुढच्या रस्त्याच्या चढ-उतारांचा नकाशा दिलेला असतो, त्यांना थोडं आधी कळतं. बाकीच्यांना काय कळतं? फक्त आत्ता चाकाखाली असलेला रस्ता. पुढच्या वळणानंतर सहा किलोमीटर उतार आहे, हे त्यांना माहीत नसतं. पाऊस आहे, धुकं आहे, पुढे एक जीप बंद पडली आहे, हे तर मुळीच नाही. म्हणून प्रत्येक एएमटी ट्रकमध्ये हाताने गिअर निवडायची सोय असते. घाटाच्या तोंडाशी ड्रायव्हरने खालचा गिअर निवडायचा, रिटार्डर लावायचा आणि मगच उतरायचं. यंत्र गिअर बदलून देतं. कुठला हवा, हे घाटात अजूनही माणसानेच ठरवायचं असतं.

आणि नेमकं हेच शिकवायची आपल्याकडची पद्धत मोडायला आली आहे. ट्रक ड्रायव्हर तयार कसा व्हायचा? आधी क्लीनर. दोन-तीन वर्षं शेजारी बसून आवाज ऐकायचा. रात्री मोकळ्या रस्त्यावर उस्तादाने थोडा वेळ गाडी हातात द्यायची. गिअर खरखरला की शिव्या. हळूहळू हात बसायचा. त्या वर्षांत कसारा उतरताना उस्ताद कुठे गिअर टाकतो, बोरघाटात कुठल्या वळणाआधी थांबून चाकांना हात लावून बघतो, हेही नकळत शिकून व्हायचं. ते कुणी वेगळं शिकवत नव्हतं. गिअर शिकता शिकता घाट शिकला जायचा. ज्याला गिअर जमत नाही, तो घाटापर्यंत पोचतच नसे. दांडा हा एक पहारेकरी होता.

एएमटीने तो पहारेकरी काढून घेतला. आता ज्याने आजवर टेम्पो चालवला आहे, तो आठवड्याभरात ट्रेलर रस्त्यावर आणू शकतो. हे चांगलंच आहे. ड्रायव्हर मिळत नाहीत ही प्रत्येक मालकाची ओरड आहे, आणि आजवर या कामाकडे न फिरकलेल्यांना, स्त्रियांनाही, यामुळे दार उघडेल. पण तो माणूस घाट न शिकताच घाटात पोचेल. गाडी इतकी सहज चालते, की आपल्याला येत नाही हे त्याला कळणारसुद्धा नाही. आपल्या मित्राच्या जुन्या ड्रायव्हरला बहुधा हेच म्हणायचं असावं. त्याने दोष यंत्राला दिला, दोष आपल्या शिकवण्याचा आहे.

अमेरिकेत ऑटोमॅटिक ट्रकवर परीक्षा दिली, तर परवान्यावर तशी अट लिहिली जाते आणि गिअरवाला ट्रक चालवता येत नाही. मला याच्या उलट काळजी वाटते. दांडा न येणाऱ्याला दांड्याच्या गाडीपासून दूर ठेवणं सोपं आहे. घाट न येणाऱ्याला घाटापासून दूर कोण ठेवणार?

शिक्षकांसमोर उभी आहे म्हणून हेही बोलते. तुम्ही आम्हाला पाढे पाठ करायला लावलेत, कॅल्क्युलेटर वर्गात आणू दिला नाहीत. आमची मुलं आज सगळं फोनवर करतात. माझ्या गटातले नवे इंजिनिअर प्रोग्रॅमचा बराच भाग कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतात. मी त्याच्या विरोधात नाही. मीच ट्रकच्या ड्रायव्हरचा क्लच काढून घेणाऱ्यांपैकी आहे, तेव्हा तक्रार कुठल्या तोंडाने करू? पण खरखराट करत, चुकत, रात्र रात्र बसून चूक शोधताना आमची जी नजर तयार झाली, ती या मुलांची कशी होणार, हा प्रश्न मला रोज ऑफिसात पडतो. पूर्वी ती नजर कष्टाबरोबर फुकट मिळायची. आता कष्ट गेले, तर ती मुद्दाम शिकवावी लागेल, वेळ काढून, पगार देऊन. ऑफिसात मला एवढंच सुचलं आहे: यंत्राने लिहिलेला कोड तसाच पुढे जाऊ द्यायचा नाही, तो असा का आहे हे नव्या मुलाने फळ्यावर समजावून सांगायचं. वेळ जातो. जाऊ देते.

तर मित्रा, तुझं उत्तर. तुझी गाडी न्हावा-शेवा बंदरातून भिवंडी आणि तिथून पुण्या-नाशिककडे महामार्गावरच चालणार असेल, ड्रायव्हर बदलत राहणार असतील आणि कंपनीचं सर्व्हिस सेंटर वाटेत असेल, तर एएमटी घे. रिटार्डर मिळत असेल तर त्याचे पैसे वाचवू नकोस. गाडी खडीच्या खाणीत किंवा आडगावच्या रस्त्याला जाणार असेल, जिथे बिघाड झाला तर कोपऱ्यावरच्या मेकॅनिकशिवाय कुणी नाही, तर सध्या दांडाच बरा. दहा वर्षांनी हा प्रश्न कदाचित उरणार नाही. टीएमटीच्या विजेवरच्या बसमध्ये बसून बघ, गिअर बदलल्याचा झटकाच नाही. विजेचा ट्रक तर घाट उतरताना त्या ५४ युनिटांतला बराच भाग बॅटरीत परत भरू शकतो. पण बॅटरी आधीच भरलेली असेल तर नाही. म्हणजे तिथेही कुणालातरी घाटाच्या आधी घाटाचा विचार करावा लागणारच.

गाडी कुठलीही घेतलीस, तरी दोन गोष्टी कर. पहिली, नव्या ड्रायव्हरला पहिल्या चार-पाच खेपा त्या जुन्या ड्रायव्हरच्या शेजारी बसव आणि त्या खेपांचे जुन्याला जास्तीचे पैसे दे. गिअर बदलण्याचे पैसे त्याला आता कुणी देणार नाही. घाट शिकवण्याचे द्यायला हवेत, आणि तो मान त्याचाच आहे. दुसरी, डिझेलचा हिशेब बदल. खेपेला ठरावीक डिझेल द्यायचं आणि वाचेल ते ड्रायव्हरचं, हा रिवाज आपल्याकडे सर्रास आहे. असा हिशेब ठेवायचा आणि न्यूट्रलचा दोष एकट्या ड्रायव्हरवर टाकायचा, हे बरोबर नाही. घाटाच्या खेपेला तरी ही बचतीची अट काढून टाक.

वीस मिनिटं झाली, संयोजक घड्याळ दाखवत आहेत.   

आणि प्रिंटरचं म्हणाल, तर बंद करून परत चालू करून बघा.